गुरांच्या रोगांची खानेसुमारी

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या पूर्वेकडील कडेवर, हिंजवडी नांवाचें गांव आहे. आज हें नांव उच्चारलें कीं कांचेचे उंच मनोरे, संगणकांच्या कचेऱ्या आणि सायंकाळीं तासन्‌तास खोळंबून राहणाऱ्या मोटारी यांखेरीज दुसरें कांहीं डोळ्यांपुढें येत नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत हें गांव भाताचें, ज्वारीचें आणि बैलांचें होतें. आणि म्हातोबाच्या या गांवांत व त्याच्या आसपासच्या वाड्यांत अजूनही गोठे आहेत, त्यांत गाई-म्हशी आहेत, आणि त्यांचें दूध भल्या पहांटे त्याच मनोऱ्यांतील बिऱ्हाडांकडे जातें. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं चहाचें आधण चढतें तें अशाच कोणत्यातरी गोठ्याच्या भरंवशावर. त्या गोठ्यांतील जनावरांत कोणता रोग किती आहे हें कोणी पाहतो काय, पाहतो तर कसें, आणि ही पाहण्याची विद्या आपल्या या प्रांतांत कोठून आली व कशी वाढली, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रश्न दिसण्यांत साधा आहे. माणसांच्या रोगांची मोजदाद होते तशीच जनावरांच्या रोगांची करावी, यांत अवघड तें काय, असें कोणीही विचारील. अडचण अशी कीं, माणूस आपल्या पायांनीं दवाखान्यांत जातो व आपल्या तोंडानें बोलतो; गाईच्या वतीनें मात्र तिचा धनी बोलतो, आणि धन्याचा स्वार्थ व गाईची प्रकृति या दोन गोष्टी दर वेळीं एकाच दिशेला जात नाहींत. शिवाय ‘किती’ या शब्दाचेच दोन अर्थ आहेत. अमुक मुदतींत नवीन किती जनावरें आजारी पडलीं, हा एक. आणि अमुक दिवशीं गोठा तपासला तर किती जनावरांच्या अंगांत रोग सांपडतो, हा दुसरा. लाळ-खुरकुताची साथ येते, पंधरवड्यांत सगळी दावण लंगडूं लागते, तोंडांतून लाळेच्या तारा लोंबतात, आणि महिन्या-दीड महिन्यांत सारें ओसरतें. त्यानंतर त्याच गोठ्यांत जाणाऱ्यास फारसें कांहीं दिसणार नाहीं. उलट सांसर्गिक गर्भपाताचा रोग गाईच्या अंगांत वर्षानुवर्षें मुरून राहतो. एकदां गर्भ टाकल्यावर पुढें ती चारचौघींसारखी वितेही, दूधही देते, आणि पाहणारा म्हणतो, गाय धडधाकट आहे. पहिला रोग नोंदवहींत मोजावा लागतो, दुसरा रक्तांत. नोंदवहीकडून रक्ताकडे झालेला हा प्रवास सरळ रस्त्यानें झालेला नाहीं, आणि त्याचा पहिला मुक्काम, पुणेकरांस सहसा ठाऊक नसलें तरी, पुण्यांतच होता.

त्यापूर्वीं शेतकऱ्याला रोग ठाऊक नव्हते असें मात्र कोणी समजूं नये. बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, फाशी, लाळ-खुरकूत हीं नांवें कोणा प्राध्यापकानें दिलेलीं नाहींत. गोठ्यांत रात्र काढणाऱ्या माणसांनीं तीं घडविलीं आहेत. घसा सुजून श्वास घरघरूं लागला व जनावर दिवस-दीड दिवसांत गेलें तर घटसर्प; भरांतल्या तरण्या खोंडाचा फरा सुजला आणि दाबतांच आंत चरचर वाजलें तर फऱ्या; तोंड आंतून सोलवटून, डोळे गळून, पाण्यासारखें शेण होऊं लागलें तर बुळकांडी. कोणता रोग कोणत्या नक्षत्रावर यावयाचा, हेंही त्यांस ठाऊक असे. मुळशी-मावळच्या भातखाचरांत घटसर्प गांठी तो मृगाच्या पहिल्या पावसाच्या सुमारास, म्हणजे चिखलणीला बैल जुंपण्याच्या ऐन दिवसांत. जोडींतला एक बैल गेला तर दुसरा निकामी, आणि रोपें वाफ्यांत उभ्या उभ्या पिवळीं पडावयाचीं. एका जनावराच्या मरणांत घरच्या वर्षाच्या तांदुळाचा हिशेब असे. हें ज्ञान खरें होतें. त्यांत उणीव होती ती आंकड्याची. साथ आली कीं मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडावयाचा, ही रीत महाराष्ट्रांत सर्वत्र होती. रोग शिवेपलीकडे गेला म्हणजे तो मोजण्याची जबाबदारीही पलीकडच्या गांवाची झाली! ही रीत हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. रोग एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, एवढी गोष्ट तिच्यांत पक्की ओळखलेली आहे.

आंकड्याची निकड प्रथम लागली ती सरकारास. १८६५-६६ सालीं इंग्लंडांत बुळकांडीनें हाहाकार उडविला, आणि त्या धसक्यानंतर हिंदुस्थानांतील गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठीं १८६९ सालीं एक कमिशन नेमण्यांत आलें. त्याचे अध्यक्ष हॅलन हे मुंबई इलाख्याच्या फौजेंतील पशुवैद्य होते. पुण्यांत १८६२ सालींच लष्करी पशुवैद्यक शाळा निघालेली होती, तेव्हां या विषयाचे जाणते लोक याच बाजूस असावेत यांत नवल नाहीं. कळवळा कितपत होता हा प्रश्न सोडून द्या. फौजेचे घोडे, तोफा ओढणारे बैल आणि शेतसारा या तिन्हींचा संबंध गुरांच्या प्रकृतीशीं होता, हें कारण पुरेसें होतें. कमिशनचा अहवाल १८७१ सालीं बाहेर पडला. येथील गुरांची साथ व युरोपांतील ‘रिंडरपेस्ट’ हा एकच रोग होय, असा निर्वाळा त्यानें दिला. सगळ्या देशाच्या गोधनाकडे एकाच दृष्टीनें पाहून, रोगानें किती जनावरें जातात असें विचारण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न म्हणतां येईल.

त्यानंतर अठरा वर्षांनीं, १८८९ च्या डिसेंबरांत, पुण्यास संगमाजवळच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे आजच्या सी.ओ.ई.पी.च्या आवारांत, ‘इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ स्थापन झाली. हिंजवडीहून बैलगाडीनें निघालें तर अर्ध्या दिवसाची ती वाट. तिचे पहिले प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड यांनीं येथें घोड्यांच्या ‘सुरा’ नामक रोगावर काम केलें. या रोगाचें सूक्ष्म जंतु १८८० सालीं ग्रिफिथ एव्हान्स यांनीं डेरा इस्माइलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत पाहिले होते, आणि फौजेच्या घोड्यांचा प्रश्न असल्यानें सरकारास त्याची घाई होती. परंतु भरवस्तींत, जेथें चहूंकडे गोठे व तबेले, तेथें जिवंत रोगजंतु बाळगणें धोक्याचें. त्यांत पुण्याचा उन्हाळा. म्हणून १८९३ सालीं ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या पहाडांत, सुमारें साडेसात हजार फूट उंचीवरील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथें मुख्य ठाणें असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. १८९७ सालीं रॉबर्ट कॉख प्लेगच्या चौकशीकरितां मुंबईस आले असतां मुक्तेश्वरासही गेले. त्याच्या थोडेच आधीं दक्षिण आफ्रिकेंत, बुळकांडीनें मेलेल्या जनावराचें पित्त टोंचून निरोगी जनावरांचें रक्षण करण्याचा प्रयोग त्यांनीं केला होता. कारण त्या खंडांत त्या सुमारास बुळकांडी घुसून पूर्व व दक्षिण भागांतील बहुतेक गुरें तिनें खाल्लीं होतीं. मुक्तेश्वरास रोगप्रतिबंधक रक्तरस तयार होऊं लागला, कीर्ति झाली. पुण्याच्या हातांतून ती संस्था गेली याची हळहळ मला वाटते, परंतु निर्णय शहाणपणाचा होता हेंही कबूल केलें पाहिजे.

प्रयोगशाळा पहाडावर गेली. रोग खालींच राहिला, आणि त्याची मोजणीही खालींच, गांवच्या पाटलाच्या हातांत राहिली. गुरांत साथ आली कीं गांवकामगारानें वर्दी द्यावी, ती तालुक्यास जावी, तेथून सलोत्रीस कळावें, आणि सलोत्री पोंचेपर्यंत साथ पुढच्या गांवीं गेलेली असावी, हा क्रम ठरलेला. वर्दींत मेलेलीं जनावरें येत. आजारी पडून बरीं झालेलीं येत नसत. एका गांवीं दहा मेलीं आणि दुसऱ्या गांवीं वीस मेलीं, तर दुसऱ्या गांवीं रोग अधिक होता कीं जनावरेंच अधिक होतीं, हेंही सांगतां येत नसे. कारण गुरांची देशव्यापी गणना प्रथम झाली ती १९१९-२० सालीं. तोंवर या गणिताला भाज्य होता, भाजक नव्हता.

याहूनही मोठी गोष्ट म्हणजे वर्दी द्यावी असें गोठेवाल्यास कां वाटावें? त्यापासून त्याला मिळावयाचें काय? १८९७ च्या प्लेगांत पुणें शहरानें हा अनुभव माणसांच्या बाबतींत घेतलेला आहे. घरझडती घेऊन रोगी उचलून नेऊं लागले, तशीं माणसें रोगी लपवूं लागलीं, आणि रोगाचा आंकडा व रोग यांची फारकत झाली. गुरांच्या बाबतींत शिपाई दारांत आले नाहींत इतकेंच. पण रोग कळविला तर आपला गोठा वाळींत पडेल, दूध कोणी घेणार नाहीं, बाजारांत जनावर उभें करूं देणार नाहींत, हें भय प्रत्येक धन्याच्या मनांत होतें व आहे. चाकणचा गुरांचा बाजार या पट्ट्यांत जुना व नामांकित. तेथें दावणीला उभ्या असलेल्या बैलाच्या तोंडाचा कोणता भाग व्यापारी आधीं उघडून पाहतो, हें ज्यानें पाहिलें असेल त्यास, रोग लपविणें व हुडकणें ही किती जुनी कुस्ती आहे हें सांगावयास नको.

जिवंत, धडधाकट दिसणाऱ्या जनावराची परीक्षा करून आंत दडलेला रोग काढण्याची पद्धत आपल्याकडे हळूहळू आली. १८८६ सालीं परळास मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें होतें. मुंबईच्याच बॅक्टीरिऑलॉजिकल प्रयोगशाळेंत, जिला आपण आज हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो, लिस्टन व सोपारकर यांनीं येथील दुभत्या गुरांना क्षय कितपत जडतो याचा अभ्यास करून १९१७ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. युरोपांत गाईच्या दुधावाटें मुलांस क्षय होतो हा त्या वेळीं मोठा बोभाटा होता. तो धोका येथें तितकाच आहे असें न गृहीत धरतां, येथील जनावरांवरच प्रयोग करून पाहणें, यांत एक स्वतंत्र बुद्धि दिसते. १९२९ सालीं शेतकी संशोधनाची मध्यवर्ती कौन्सिल स्थापन झाली, आणि तिच्या मदतीनें प्रांतोप्रांतीं रोग-अन्वेषण अधिकारी नेमले जाऊं लागले. पुण्यास औंध येथें आज रोग अन्वेषण विभाग व त्याच्या शेजारींच १९४७ सालीं स्थापन झालेली पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. एकींत रोगाचा शोध, दुसरींत लशीचें उत्पादन. औंधाहून हिंजवडी दोन-अडीच कोसांवर. म्हणजे पुण्याच्या संगमावरून पहाडांत गेलेली विद्या पन्नास-पाऊणशें वर्षांनीं पुन्हां याच बाजूस उतरली.

आतां बुळकांडीच्या अखेरीची कथा सांगतों. कारण मोजणीचें खरें सामर्थ्य तीतच दिसून येतें. १९२० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वर येथें एडवर्ड्‌स यांनीं या रोगाचें विष शेळ्यांच्या अंगांतून एकामागून एक नेऊन सौम्य केलें, आणि एकदां टोंचल्यास दीर्घकाळ टिकणारी स्वस्त लस हातीं आली. स्वातंत्र्यानंतर, १९५४ सालीं, राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन योजना सुरू झाली. त्या सुमारास देशांत वर्षाकाठीं आठ हजारांच्या आसपास उद्रेक नोंदले जात व सुमारें दोन लक्ष जनावरें मरत. नोंदलेलीं, हें ध्यानांत ठेवावें. देशांतील शेंकडा ऐशीं गाईबैल व म्हशी पांच वर्षांत टोंचून काढाव्या, असा बेत होता. पहिल्या दहा वर्षांत उद्रेक झपाट्यानें खालीं आले. सर्वांस वाटलें, आतां झालेंच. आणि मग गाडी अडली ती जवळजवळ पंचवीस वर्षें. केनियांत प्लोराइट यांनीं १९६० च्या सुमारास पेशींवर वाढविलेली अधिक निर्धोक लस काढली, ती येथेंही आली. कोट्यवधि जनावरें टोंचलीं गेलीं. तरी रोग कोठें ना कोठें डोकें वर काढीच.

याचें कारण माझ्या मतें हेंच कीं, त्या काळांत आपण टोंचण्या मोजीत होतों, रोग मोजीत नव्हतों. अधिकाऱ्याच्या कामाचें माप किती डोस दिले हें होतें. जें गांव सडकेवर, तेथें तींच जनावरें दोनदां टोंचून घेतलीं जात. जो कळप रानांतून फिरता, त्याची गांठच पडत नसे. १९९२ सालीं युरोपीय समुदायाच्या साहाय्यानें नवीन योजना आली, आणि तिनें दिशा उलटी केली: लस सरसकट न देतां रोग हुडकावयाचा. गांवोगांव, गुरांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर, दवाखान्यांच्या रोजवह्यांत शोध घ्यावयाचा. आणि जेथें रोग बरींच वर्षें आढळला नाहीं तेथें लस देणें चक्क बंद करावयाचें. श्रोतेहो, हा निर्णय घेणाऱ्याची छाती किती मोठी असेल याची कल्पना करा. लस दिलेल्या जनावराच्या रक्तांत रोगाशीं झुंजणारे पदार्थ असतात, रोग होऊन गेलेल्याच्या रक्तांतही तेच असतात. दोघांत भेद करतां येत नाहीं. म्हणून लस चालूं आहे तोंवर, रोग खरोखर गेला कीं नुसता दबला आहे, हें कधींच कळणार नाहीं. लस थांबवावयाची, त्यानंतर जन्मलेल्या वांसरांचें रक्त घ्यावयाचें, आणि तें कोरें निघालें तर म्हणावयाचें कीं रोग नाहीं. आणि तें कोरें निघालें नाहीं तर? तर आपण लाखो जनावरें उघडीं टाकलीं, असा त्याचा अर्थ.

‘नाहीं’ हें सिद्ध करणें ‘आहे’ हें सिद्ध करण्यापेक्षां किती कठीण, याचा एक हिशेब ऐकण्यासारखा आहे. एखाद्या तालुक्यांतून सरसकट निवडून तीनशें जनावरांचें रक्त तपासलें आणि एकांतही रोगाची खूण निघाली नाहीं, तरी संख्याशास्त्रज्ञ एवढेंच म्हणतो कीं, रोग बहुधा शेंकडा एकाहून अधिक नसावा. शेंकडा एक! लाख गुरांच्या तालुक्यांत हजार जनावरें. त्याला आणखी खालीं ओढावयाचें तर तीन हजार जनावरांचें रक्त हवें. अशा कोऱ्या निघालेल्या असंख्य नळ्यांच्या जोरावर आपल्या देशाचा दावा उभा राहिला. शेवटचा उद्रेक १९९५ सालीं तामिळनाडूंत झाला. २००६ च्या मे महिन्यांत भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचें जागतिक पशुआरोग्य संघटनेनें मान्य केलें. आणि २०११ सालीं सर्व जगांतूनच हा रोग नाहींसा झाल्याची घोषणा झाली. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून उखडला गेलेला हा दुसरा रोग. देवी गेल्याचा उत्सव झाला. बुळकांडी गेली हें शहरांत किती जणांस ठाऊक आहे, कोण जाणे. मावळांतल्या एखाद्या म्हाताऱ्यास विचारा, तो तुम्हांस त्या रोगाचा वास कसा असे तें सांगेल.

एक गंमत मध्येंच सांगतों. शेळ्यामेंढ्यांतही बुळकांडी होते असें पुष्कळ वर्षें लिहिलें जात असे. १९८७ सालीं तामिळनाडूंतील अरसूर गांवीं मेंढरांत असाच रोग उठला. तपासाअंतीं तो बुळकांडी नसून तिचा चुलतभाऊ, पी.पी.आर. नांवाचा निराळाच रोग निघाला. म्हणजे जुन्या वह्यांतील शेळ्यामेंढ्यांचे कांहीं आंकडे कोणत्या खात्यावर मांडावे हाच प्रश्न. दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढरें घेऊन घाट उतरून कोंकणांत जातात, वाटेंत शेतांत मेंढरें बसवितात, पावसाच्या तोंडावर परततात. अशा कळपाची मोजणी कोणत्या तालुक्यानें करावी हें कोडें तर अजून सुटावयाचें आहे.

बुळकांडी गेली, परंतु तिच्या मागें दडलेले धीमे रोग उघडे पडले. त्यांत आपल्या या पट्ट्यास जिवाशीं लागणारा म्हणजे सांसर्गिक गर्भपात, ज्याला ब्रुसेलोसिस म्हणतात. डेव्हिड ब्रूस यांनीं १८८७ सालीं माल्टा बेटावर याचा जंतु सैनिकांच्या शरीरांत ओळखला. तो शेळ्यांच्या कच्च्या दुधांतून येतो हें झमित यांनीं १९०५ सालीं दाखविलें. माणसाला यानें दिवसेंदिवस चढउताराचा ताप येतो, सांधे धरतात, घाम सुटतो, आणि निदान होईपर्यंत महिने लोटतात. विशेषतः अडलेल्या गाईला हात घालणारे, वार काढणारे, धारा काढणारे लोक यांस तो गांठतो. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत तेवीस राज्यांतील ३०,४३७ जनावरांची तपासणी करण्यांत आली. गाईंत शेंकडा १.९ व म्हशींत शेंकडा १.८ जनावरांत या रोगाची खूण सांपडली. आंकडा लहान दिसतो. पण सरासरी ही फसवी बाई आहे. हा रोग शंभरांत दोन असा सारखा पसरलेला नसतो. अठ्ठ्याण्णव गोठे स्वच्छ असतात आणि उरलेल्या दोहोंत तो दावणभर असूं शकतो. आणि गोठा जितका मोठा, जनावरें जितकीं बाजारांतून आणलेलीं, तितका धोका अधिक.

येथें पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांची व हिंजवडीच्या कचेऱ्यांची गोष्ट गुरांच्या गोष्टीशीं जुळते. पूर्वीं गांवचीं गुरें गांवांत जन्मत व गांवांतच मरत. शहर वाढलें, शेतें गेलीं, बैलांचें काम संपलें. दुधाची मागणी मात्र वाढली. मग उरलेल्या जागेंत पत्र्याचा गोठा, त्यांत बाहेरून विकत आणलेल्या संकरित गाई वा म्हशी, आटल्या कीं विकावयाच्या, ताज्या व्यालेल्या आणावयाच्या. ज्या गाईनें गर्भ टाकला तिचें काय होतें? परदेशांत अशी गाय ओळखून मारून टाकण्याच्या धोरणानें कांहीं देशांनीं हा रोग घालविला. आपल्याकडे गोहत्येला कायद्यानें बंदी आहे, आणि लोकांच्या मनांतही तें बसणारें नाहीं. तेव्हां रक्त तपासून ‘तुझी गाय रोगी आहे’ एवढेंच धन्यास सांगितलें, तर तो बिचारा करील काय? मुकाट्यानें पुढच्या बाजाराला नेऊन विकील. मोजणीनेंच रोग एका गोठ्यांतून दुसऱ्या गोठ्यांत जाईल! म्हणून येथें उपाय धरला आहे तो चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना जन्मांत एकदां लस टोंचण्याचा. २०१९ च्या सप्टेंबरांत मथुरेस सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत लाळ-खुरकूत व ब्रुसेलोसिस हे दोन रोग एकत्र घेतले आहेत, आणि त्याच कार्यक्रमामुळें आपण हल्लीं गुरांच्या कानांत बारा आंकडी पिवळा बिल्ला पाहतों.

भयाचा प्रश्न मात्र बिल्ल्यानें सुटत नाहीं. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापुरास कोंबड्या मरूं लागल्या, तेव्हां प्रथम सर्वांनीं तिला नेहमींची राणीखेत म्हटलें. भोपाळच्या प्रयोगशाळेनें तो ‘बर्ड फ्लू’ असल्याचें सांगितलें, आणि तो भारतांतील पहिला ठरला. जो व्यवसाय एका बातमीनें बसतो, त्यांतील माणूस बातमी देण्यास कचरणारच. याच्या उलट उदाहरण २०२२ चें आहे. त्या वर्षीं ऑगस्टांत जळगांव जिल्ह्यांतून लम्पीची साथ महाराष्ट्रांत पसरली. गुरांचे बाजार बंद झाले, बैलगाडा शर्यती थांबल्या, पोळ्याला बैल दारांतल्या दारांतच पुजले गेले. सरकारनें त्या वेळीं जाहीर केलें कीं, दुभतें जनावर दगावल्यास ३०,००० रुपये, ओढकामाचें दगावल्यास २५,००० आणि वांसरूं दगावल्यास १६,००० रुपये साहाय्य मिळेल. साहाय्य हवें तर मरणाची नोंद हवी. म्हणजे नोंद करण्यांत धन्याचा लाभ. २००९ च्या कायद्यानें रोग कळविणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलेंच आहे, परंतु कर्तव्यानें जें होत नाहीं तें या तीन आंकड्यांनीं होऊं शकतें, असें मला वाटतें. १८७१ पासून जी गोष्ट आपल्या मोजणींत नव्हती ती हीच.

रक्त न काढतांही गोठा तपासण्याची एक सोपी युक्ति आहे, ती सांगून थांबतों. अनेक गाईंचें दूध एकत्र केलेल्या भांड्यांतून थोडें दूध नळींत घ्यावयाचें, त्यांत ब्रुसेलाचे मारलेले व रंगविलेले जंतु टाकावयाचे, आणि नळी कांहीं वेळ कोंबट ठेवावयाची. दुधांत रोगाची खूण असेल तर ते जंतु सायीबरोबर वर चढतात आणि नळीच्या तोंडाशीं निळ्या-जांभळ्या रंगाचें कडें दिसतें. नसेल तर साय पांढरी राहते व रंग खालीं दुधांतच राहतो. एका नळींत पन्नास गाईंची चांचणी होते. परंतु त्यासाठीं दूध एका ठिकाणीं जमा व्हावें लागतें. सहकारी संस्थेच्या केंद्रावर तें होतें. हिंजवडीच्या मनोऱ्यांत जें रतीबाचें दूध येतें, तें गोठ्यांतून निघून मोटारसायकलवरच्या किटलींतून सरळ आपल्या दारीं उतरतें. वाटेंत त्याला कोणतेंही केंद्र लागत नाहीं.